सिंहस्थ होईपर्यंत नाशिक सोडू नकोस

नमस्कार ताई,

मी २७ वर्षांची आहे. पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि नाशिकमध्ये एका दैनिकाची वार्ताहर झाले. पगार नाही, मानधन. तेही बातमीच्या हिशेबाने. गोदावरीचं पाणी, तपोवनातली झाडं, बिबटे आणि द्राक्षबागांवरचा अवकाळी हे माझे विषय. दिवाळीनंतर आमचं विज्ञान-पर्यावरणाचं साप्ताहिक पान बंद झालं. साहेब म्हणतात, "प्रदूषणाला वाचक नाही आणि जाहिरातही नाही. सिंहस्थाच्या पुरवण्या येतायत, त्यांना हातभार लाव." परदेशी संशोधनाच्या बातम्या मी करायचे, त्या आता डेस्कवरचा मुलगा एआयकडून दहा मिनिटांत करून घेतो.

पुण्याच्या एका सल्लागार कंपनीची ऑफर आहे. प्रकल्पांचे पर्यावरण परिणाम अहवाल लिहायचे. पगार आताच्या चौपट. बाबा म्हणतात, बी.एड. कर नाहीतर ही नोकरी घे, पण रोज नाल्यांचे फोटो काढत फिरणं बंद कर. या पत्रकारितेला पुढे काही भविष्य आहे, की मी उगाच हट्ट धरून बसले आहे? आणि मराठीतच लिहीत राहू की इंग्रजीकडे वळू? सोबत माझी काही कात्रणं पाठवते आहे.

— गोदाकाठची वार्ताहर, नाशिक

---

प्रिय गोदाकाठकर,

आधी उत्तर, कारणं मागाहून. पुण्याची नोकरी आत्ता घेऊ नकोस. सिंहस्थातली मुख्य स्नानं २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात आहेत. ती होऊन, त्यांचा हिशेब लागेपर्यंत नाशिकमध्येच राहा. मात्र आत्ताच्या मानधनावर राहा असं मी अजिबात म्हणत नाही. तेवढ्यात कोणाचंच भागत नाही. बाबांचा राग पैशावर असेल तर ते बरोबर आहेत. नाल्यांच्या फोटोंवर असेल तर त्यांच्याशी थोडं भांडावं लागेल.

तुमचं पान बंद झालं यात तुझ्या साहेबांचा काही खास दुष्टपणा नाही. सीएनएनने २००८ च्या डिसेंबरात विज्ञान, तंत्रज्ञान आणि पर्यावरणाचा अख्खा विभाग बंद केला. न्यूयॉर्क टाइम्सने २०१३ मध्ये पर्यावरणाचं स्वतंत्र डेस्क मोडलं. नॅशनल जिओग्राफिकने २०२३ मध्ये उरलेसुरले पगारी लेखकही कमी केले. खर्च कापायची वेळ आली की कात्री आधी कुठे चालते, ते न्यूयॉर्कमध्ये आणि नाशिकमध्ये सारखंच. पण त्याच २०१३ मध्ये राष्ट्रीय वार्तांकनाचं पुलित्झर कोणाला मिळालं ते बघ: इनसाइड क्लायमेट न्यूज नावाच्या, बोटावर मोजण्याइतकी माणसं असलेल्या संस्थेला. विषय होता मिशिगनमधल्या कालामाझू नदीत पाइपलाइन फुटून झालेली तेलगळती. मोठं डेस्क गेलं त्या वर्षी एका नदीला धरून बसलेली मूठभर माणसं जिंकली.

आपल्याकडचं उदाहरण याहून जुनं आणि जास्त कडू आहे. भोपाळचे राजकुमार केसवानी. स्वतःचं छोटंसं साप्ताहिक, 'रपट'. युनियन कार्बाइडच्या कारखान्यात काय चाललंय आणि त्याने शहर कसं मरू शकतं, हे त्यांनी १९८२ मध्ये छापलं. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री वायू सुटला. केसवानींकडे ना विज्ञानाचं पान होतं, ना पर्यावरणाचं बीट. त्यांनी कारखान्यातल्या माणसांशी बोलणं सोडलं नाही आणि तपासणीचे अहवाल मिळवून वाचले, एवढंच. त्यांचं कोणी ऐकलं नाही ही गोष्ट खरीच आहे. म्हणून ही पत्रकारिता जग वाचवते वगैरे मी तुला सांगणार नाही.

आता एआयचं. तुझ्याकडून ते काम गेलं याचं मला फारसं दुःख नाही, रागावू नकोस. 'अमुक विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांना आढळलं आहे की' अशा बातम्या आपण वर्षानुवर्षं प्रसिद्धिपत्रकावरून उतरवत आलो. मूळ निबंध कोणी उघडला नाही. उंदरांवरचा प्रयोग माणसांवर झाल्यासारखा छापला. ते काम यंत्र करतंय तर करू दे. निदान त्याला मानधन थकल्याचा त्रास नाही. धंद्याच्या अंगानेही त्या बातम्यांचं दिवाळं वाजलेलंच आहे. अमेरिकेतल्या प्यू संशोधन संस्थेने २०२५ मध्ये पाहिलं की गुगलवर वर एआयचा सारांश दिसला तर खालच्या दुव्यावर क्लिक होतं ते शंभरात आठ वेळा. सारांश नसेल तर पंधरा वेळा. म्हणजे जे आधीच कुठेतरी लिहिलेलं आहे, ते पुन्हा लिहून वाचक मिळायचे दिवस सरले. उरतं ते अजून कुठेच न लिहिलेलं. रामकुंडात आज सकाळी किती जंतू होते, हे यंत्राला माहीत नाही, कारण ते कोणी मोजून छापलेलं नाही.

इथेच मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे.

प्रयागराजला २०२५ च्या महाकुंभात काय झालं ते तू वाचलं असशीलच, पण पुन्हा नीट वाच. फेब्रुवारीच्या सुरुवातीला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने हरित न्यायाधिकरणाला अहवाल दिला: तपासलेल्या सर्व ठिकाणी, वेगवेगळ्या वेळी, फीकल कॉलिफॉर्म म्हणजे विष्ठेतून येणारे जंतू स्नानाच्या मर्यादेपेक्षा जास्त होते. गदारोळ झाला. महिना संपता संपता त्याच मंडळाचा दुसरा अहवाल तयार झाला. त्यात म्हटलं होतं की आकडे दिवसागणिक आणि जागेगणिक फार वरखाली होतात, म्हणून सांख्यिकी पद्धतीने बघू. आणि तसं बघितलं तर पाणी स्नानाला योग्य आहे. जंतूंचा मध्यक १४०० निघाला. मर्यादा १०० मिलिलिटरला २५०० ची. झालं, पाणी पास!

वाहिन्यांवर एका गटाने पहिला अहवाल धरला, दुसऱ्याने दुसरा, आणि दोन्ही बाजूंनी 'विज्ञान आमच्याकडे' म्हणून ओरडा केला. मध्यक म्हणजे काय आणि तो इथे लावावा का, हे फार थोड्यांनी विचारलं. मध्यक म्हणजे सगळे आकडे चढत्या क्रमाने मांडून मधला उचलायचा. त्यात वरचं टोक कितीही वर गेलं तरी मधला जागचा हलत नाही. नदीचा सर्वसाधारण कल बघायचा असेल तर ते ठीक आहे. पण भाविक स्नान करतो ते एका दिवशी, एका तासाला, एका घाटावर. मौनी अमावास्येला पाण्यात उतरलेल्या म्हातारीला पूर्ण महिन्याचा मध्यक घेऊन काय करायचं? दुसरा अहवाल खोटा नव्हता. त्याने वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर दिलं होतं. हे ज्याला कळतं आणि जो ते चार सोप्या वाक्यांत लिहू शकतो, अशी माणसं आपल्या जिल्ह्यात किती असतील? तू एक आहेस. म्हणून म्हणते, जाऊ नकोस.

२०२७ मध्ये हेच नाशिकमध्ये होणार, याविषयी मी पैज लावायला तयार आहे. आणि आपल्याकडे त्यात एक जास्तीची गाठ आहे. इथलं सिंहस्थ पावसाळ्यात येतं. गंगापूर धरणातून विसर्ग सुरू असेल तर तोच मैला जास्त पाण्यात मिसळतो आणि आकडा खाली येतो. विसर्ग थांबला की तोच आकडा चढतो. उलट जोराचा पाऊस पडला तर नासर्डी (आता तिला नंदिनी म्हणतात) आणि वाघाडी शहरातली सगळी घाण घेऊन नदीला मिळतात. म्हणजे 'रामकुंडात अमुक इतके जंतू' हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. नमुना किती वाजता घेतला, स्नानाच्या आधी की नंतर? कुठून घेतला, नाल्याच्या वरून की खालून? त्या दिवशी विसर्ग किती क्युसेक, म्हणजे सेकंदाला किती घनफूट होता? ही तीन उत्तरं शेजारी असतील तरच आकड्याला अर्थ. आत्तापासून तेव्हापर्यंतच्या प्रत्येक महिन्याची अशी नोंद तुझ्या वहीत असेल, तर २०२७ च्या ऑगस्टमध्ये दिल्ली-मुंबईहून आलेले सगळे पत्रकार तुझा नंबर शोधत फिरतील. तेव्हा फुकट काही द्यायचं नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.

हे करायला पैसे फार लागत नाहीत, चिकाटी लागते. राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ रामकुंड, तपोवन अशा ठरलेल्या ठिकाणांवरून नियमित नमुने घेतं. त्याचे निष्कर्ष सार्वजनिक असतात. नमुना घेतल्याची वेळ त्यात दिसली नाही तर माहितीच्या अधिकारात नमुना नोंदवही माग. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. अर्जात 'प्रदूषणाची माहिती द्यावी' असं मोघम लिहिलंस तर मोघमच उत्तर येईल. ठिकाण, महिना आणि नोंदवहीचं नाव लिही. मलनिस्सारण केंद्रांचंही तसंच. आत येणाऱ्या आणि बाहेर सोडलेल्या पाण्याची बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवायला जंतूंना लागणारा प्राणवायू, रोज नोंदली जाते. स्नानाच्या पाण्याला बीओडी लिटरला ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको आणि विरघळलेला प्राणवायू ५ पेक्षा कमी नको, हे निकष तुला पाठच असतील. स्वतः बाटली भरून 'आम्ही चाचणी केली' हा प्रकार मात्र करू नकोस. जंतूंचा नमुना निर्जंतुक बाटलीत घ्यावा लागतो, बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवावा लागतो. एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेच्या माणसाने घेतलेला नमुना आणि तू बिसलेरीच्या बाटलीत भरून नेलेला नमुना यात कोर्ट जसा फरक करेल, तसाच वाचकानेही करावा.

तुझी कात्रणं वाचली. भाषा स्वच्छ आहे. तक्रारी दोन आहेत.

पहिली तपोवनाची. २०२५ च्या नोव्हेंबरात साधुग्रामासाठी, म्हणजे सिंहस्थातल्या साधूंच्या मुक्कामासाठी, झाडं तोडायचा प्रस्ताव आला आणि शहर पेटलं. तुझ्या बातमीत झाडांचा आकडा आहे, आंदोलकांचं म्हणणं आहे, महापालिकेचं म्हणणं आहे. इतर सगळ्यांकडेही तेच होतं. आकडासुद्धा कोणाचा सतराशे, कोणाचा अठराशे. तुझ्याकडून मला झाडांची वयं हवी होती. राज्याच्या १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ ला दुरुस्ती झाली. ५० वर्षांचं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष ठरतं. तोडलेल्या झाडाचं जेवढं वय, तेवढी नवी झाडं लावायची. पाच वर्षांवरची दोनशे किंवा जास्त झाडं एका प्रस्तावात असतील तर प्रकरण राज्य वृक्ष प्राधिकरणाकडे जायची तरतूद त्या दुरुस्तीत होती. म्हणजे कायद्याचा सगळा भार वयावर आहे. मग ते वय कोणी ठरवलं? बुंध्याचा घेर कोणत्या उंचीवर मोजला? कोणत्या जातीला कोणतं सूत्र लावलं? बाभूळ किंवा सुबाभूळ भराभर वाढते, चिंच सावकाश. एकच घेर असला तरी वय एक नसतं. झाडाला मिठी मारलेला फोटो सगळ्यांनी छापला. टेप लावलेला फोटो छापला असतास तर तो सुनावणीत कामाला आला असता.

दुसरी बिबट्याची. 'बिबट्या जेरबंद, नागरिकांनी सोडला सुटकेचा निःश्वास.' पिंजऱ्यात सापडला, बातमी संपली. सोडला कुठे? जुन्नरमध्ये २००१ नंतर बिबटे पकडून दुसरीकडे सोडायचा मोठा प्रयोग झाला होता. डॉ. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला तेव्हा दिसलं की माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेले. ऊसपट्ट्यात राहायला शिकलेलं जनावर उचलून अनोळखी रानात टाकलं की ते बिथरतं. निफाड-सिन्नरच्या प्रत्येक 'जेरबंद' बातमीखाली या अभ्यासाची दोन वाक्यं टाकली तर गावातली 'पिंजरा लावा'ची मागणी लगेच थांबणार नाही, पण ग्रामसभेत कोणीतरी 'पुढे काय?' असं विचारेल. मुंबईत संजय गांधी उद्यानाच्या आसपास २०११ पासून वनखातं आणि संशोधक पत्रकारांसोबत बसले, तेव्हा तिथल्या बातम्यांचा सूर बदललाच. आता तर बिबट्याचे बनावट व्हिडिओ मोबाइलवर फिरतात. तो व्हिडिओ कुठला, कधीचा, खरा की बनवलेला, हे तासाभरात सांगणारी नाशिकची खात्रीची वार्ताहर ही जागाही रिकामी आहे.

"प्रदूषणाला वाचक नाही," हे साहेबांचं वाक्य. प्रदूषण नावाच्या विषयाला नसेलही. पण नाशिकच्या माणसाला विज्ञान वाचायची सवय नाही हे मला कोणी सांगू नये. पावसाळ्यात गोदाघाटावर जा. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी की कमरेला, गंगापूरमधून किती क्युसेक सोडलं, होळकर पुलाखाली किती जातंय, हे भाजीवाला सांगतो. दर ऑक्टोबरला जायकवाडीला किती टीएमसी सोडायचं यावर चहाच्या टपरीवर जी चर्चा होते, ती कुठल्याही जलविज्ञानाच्या वर्गाला लाजवेल. (एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट, म्हणजे साधारण साडेअकरा हजार क्युसेक एक अख्खा दिवस. हे गणित एकदा चौकटीत छाप, लोक कापून ठेवतील.) २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमधले पूर ज्यांनी पाहिले, त्यांच्या घरावरून निळी पूररेषा गेली की लाल, म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची की शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या, हे त्यांना वाचायचं नाही असं कसं म्हणता येईल? घराची किंमत त्यावर ठरते.

आणि द्राक्षबागायतदार! २०१० मध्ये युरोपात द्राक्षांचे कंटेनर अडकले, कारण त्यांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ आवरणाऱ्या रसायनाचा अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाला. बागायतदार ज्याला लिहोसिन म्हणतात तेच. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत ते रसायनच नव्हतं. एका न तपासलेल्या रसायनाने दिंडोरी-निफाडमधली किती कुटुंबं कर्जात ढकलली हे तुला तुझ्या मामा-काकांकडून ऐकायला मिळेल. तेव्हापासून तिथला शेतकरी अंश-मर्यादा, काढणीपूर्व कालावधी, डाऊनी आणि भुरी या रोगांचा अंदाज हे सगळं वाचतो, आणि पैसे देऊन वाचतो. 'अॅग्रोवन' हे शेतीचं स्वतंत्र दैनिक २००५ पासून चालतंय ते वाचकाशिवाय नाही. निफाडचा पारा घसरला की सगळे 'हुडहुडी' छापतात आणि शेकोटीचा फोटो लावतात. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा नेमका किती होता आणि त्याने मण्यांना तडे जाणार का, ही बातमी बागायतदाराला हवी असते. तीच थंडी, पण दुसऱ्या बातमीला गिऱ्हाईक आहे.

तुझ्या पैशाची वाट इथूनच जाते. शेतीच्या नियतकालिकांसाठी हवामान आणि अवशेष-तपासणीवर नेमाने लिही. विद्यापीठं आणि संशोधन केंद्रांची इंग्रजी माहितीपत्रकं मराठीत करून देणाऱ्यांची कायम वानवा असते. त्यात विज्ञान कळणारी आणि मराठी येणारी व्यक्ती म्हणजे दुर्मीळच. फवारणीची औषधं विकणाऱ्या कंपन्यांच्या 'प्रायोजित लेखां'ना मात्र हात लावू नकोस, कितीही देऊ करू देत. नंतर त्याच औषधाच्या अंशावर बातमी करायची वेळ आली की तुझा जुना लेख समोर फेकला जाईल. दुसरं, पदवीच्या विद्यार्थ्यांना पर्यावरण अभ्यास सक्तीचा आहे, आणि तो शिकवायला महाविद्यालयं तासिका तत्त्वावर माणसं घेतात. सेटची, म्हणजे सहायक प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेची, तयारी कर. बाबांच्या बी.एड.पेक्षा तुझ्या पदवीला ते जास्त साजेल, आणि आठवड्यातले तीन दिवस नदीसाठी मोकळे राहतील. परदेशी फेलोशिप मिळाली तर जरूर घे, पण तिच्यावर घर चालवू नकोस. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकी सरकारने परदेशी मदत गोठवली तेव्हा इंटरन्यूजसारख्या, जगभरच्या छोट्या माध्यमांना हात देणाऱ्या संस्थेलाच मोठा फटका बसला.

साहेबांशी भांडू नकोस. पुरवणीला हातभार लाव म्हणतात ना? लाव. पाणी, स्वच्छतागृहं, मैला आणि कचरा यांची व्यवस्था हे पान माग. ते कोणी मागत नाही, तुला सहज मिळेल. जाहिरातीचा मजकूर आणि बातमी वेगळी दिसली पाहिजे, एवढी एकच अट घाल. आणि माहितीच्या अधिकाराच्या बातम्या आयुक्तांच्या बैठकीच्या आदल्या दिवशी दे. दुसऱ्या दिवशी सभागृहात कोणी कात्रण हातात धरून बोललं की साहेबांनाही पर्यावरणात वाचक दिसू लागतो.

आता ती सल्लागार कंपनी. मी तिला शिव्या देणार नाही. प्रकल्पाचा मालकच सल्लागाराला पैसे देतो, ही व्यवस्था मुळातच वाकडी आहे, पण तीत प्रामाणिक माणसंही काम करतात. काही वर्षं आत राहिलीस तर हवा-पाण्याची पायाभूत माहिती बहुतेकदा एकाच ऋतूत, पावसाळा टाळून कशी गोळा होते, हे स्वतः बघशील. मग आयुष्यभर कोणताही अहवाल तुला फसवू शकणार नाही. रत्नागिरीतल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात स्प्रूस आणि बर्चच्या जंगलातले पक्षी निघाले होते. कोकणात! रशियातल्या खाणीचा अहवाल जसाच्या तसा उतरवला होता. असले नमुने आतूनच नीट ओळखता येतात. पण मग त्या काळात पत्रकारिता थांबव. अहवाल लिहिणारी आणि त्याच जिल्ह्यात त्यावर बातमी करणारी, ही दोन्ही कामं एका नावाने होत नाहीत. कंपनी पुढेही असेल, २०२८ मध्ये असे अहवाल लिहायला माणसं लागणारच आहेत. सिंहस्थ मात्र बारा वर्षांनी. कधी गेलीसच, तर करारातलं गोपनीयतेचं कलम सही करण्याआधी वकिलाला दाखव. नोकरी सोडल्यावर किती वर्षं तोंड बंद ठेवायचं ते तिथे लिहिलेलं असतं. तोवर पर्यावरण मंजुऱ्यांच्या सरकारी 'परिवेश' संकेतस्थळावर नाशिक जिल्ह्याचे अहवाल आहेत. परिशिष्टापासून वाचायला सुरुवात कर.

मराठी की इंग्रजी? मराठी आधी. गाडगीळ समितीचा पश्चिम घाटाचा अहवाल २०११ मध्ये आला. त्यात काय आहे हे इगतपुरी-त्र्यंबकच्या गावांना कळण्याआधीच त्यात काय नाही त्याची भीती गावोगाव पोचली होती. 'घर बांधता येणार नाही, म्हैस पाळता येणार नाही' इथपर्यंत. अहवाल इंग्रजीत होता आणि अफवा मराठीत. आपल्या भाषेत विज्ञान लिहायची परंपरा नाही असं कोणी म्हणालं तर त्याला 'सृष्टिज्ञान' मासिक १९२८ पासूनचं आहे आणि मराठी विज्ञान परिषद १९६६ पासूनची, एवढं सांग. जयंत नारळीकर अध्यक्ष असलेलं साहित्य संमेलन २०२१ च्या डिसेंबरात तुझ्याच नाशिकमध्ये झालं. प्रकृतीमुळे त्यांना येता आलं नाही, मांडवात गर्दी पुस्तकांपेक्षा खाण्याच्या स्टॉलवर जास्त होती, ते सोडून दे. इंग्रजी सोडू नकोस, कारण मूळ निबंध त्यातच वाचायचे आहेत आणि मोंगाबे-इंडिया किंवा डाउन टू अर्थसारख्या पर्यावरणावरच्या नियतकालिकांत वर्षातून दोन-तीन मोठे लेख दिलेस तर नाव आणि थोडे पैसे दोन्ही मिळतील. पण तो लेख आधी मराठीत छापून झालेला असू दे. चुका असतील तर पंचवटीतले लोक दुसऱ्या दिवशी दाखवतील, त्या दुरुस्त करून मग इंग्रजी कर.

एक काम मात्र या आठवड्यातच कर. गेल्या महिन्याचे रामकुंड आणि तपोवनाचे आकडे मंडळाच्या कार्यालयातून घे, त्या तारखांचा गंगापूरचा विसर्ग पाटबंधारे खात्याकडून घे, आणि दोन्ही एका पानावर शेजारी लिही. बाबांना ते पान दाखव. सेटच्या अर्जाची शेवटची तारीखही त्यांनाच शोधायला सांग. वडिलांना काहीतरी काम दिलेलं बरं असतं.

— ताई